२.० ठेवू की २.३ करू? सहाशे घोड्यांचं गणित

पत्र: दादा, माझ्याकडे मित्सुबिशीची इव्हो ८ आहे, इंजिन दोन लिटरचं टर्बोवालं ४जी६३. गेल्या महिन्यात तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगलँड (रिंग बसते त्या खाचेची कड) तुटली, सिलिंडरची भिंत ओरखडली, आता ब्लॉक स्टँडवर आहे. एवढं खोललंच आहे तर ६०० हॉर्सपॉवरचं करावं म्हणतोय. गाडी रोजच्या वापरातली, ट्रॅकवर वर्षातून एखाद-दोनदा. एक मित्र म्हणतो २.० ठेव आणि ९००० पर्यंत फिरव, दुसरा म्हणतो १०० मिमी स्ट्रोकचा (पिस्टनची वरखाली धाव) क्रँक टाकून २.३ कर, तिसरा म्हणतो सरळ २.४ चा ब्लॉक आण. टर्बो गॅरेट जी३५-१०५० बघून ठेवलाय, पुढेमागे लागला तर असावा म्हणून. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७ मिमी करायचा विचार आहे, हेडचे स्टड एल१९ धातूचे घेणार. रोज नवीन व्हिडिओ बघतो आणि रोज मत बदलतं. काय करू? – बूस्टवेडा

उत्तर:

बूस्टवेड्या, सगळ्यात आधी तो तुटलेला पिस्टन भंगारात टाकला नाहीस ना ते सांग. तुझ्या अख्ख्या पत्रात ६०० आहे, १०५० आहे, ८७ आहे, पण रिंगलँड तुटली *का* हे एका ओळीतही नाही, आणि ते कळल्याशिवाय नवीन पार्ट घेणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. पिस्टन हातात घे, उजेडात धर. डोक्यावर कडेकडेने बारीक टोचे मारल्यासारखे खड्डे दिसले तर नॉकिंग झालंय, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर हातोडे बसलेत. रिंगची दोन्ही टोकं घासून चकचकीत झाली असतील तर गॅप कमी होता, रिंग गरम होऊन फुगली, टोकाला टोक भिडलं आणि तिने लँड उचकटली. आणि बाकी तीन सिलिंडर ठणठणीत आणि हाच एक मेला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून फ्लो तपासून घे, अर्धवट चोकअप झालेला एक इंजेक्टर फोर्ज्ड पिस्टनही खातो, फक्त थोडा जास्त वेळ लावतो.

आता तुझा मूळ प्रश्न. ६०० म्हणजे क्रँकवर की चाकांवर? ऑल व्हील ड्राइव्हमध्ये १५ ते २० टक्के मध्येच जातात असं ढोबळ धरतात, म्हणजे क्रँकवर ६०० तर चाकांवर ४८० ते ५१०. मी पुढे सगळीकडे क्रँकवरचे ६०० धरतोय. चाकांवर ६०० हवे असतील तर हे उत्तर तुझ्यासाठी नाही, ती वेगळी गाडी आहे, आणि ती रोज चालवायची गाडी नाही.

टर्बो गाडीत ढोबळ हिशोब असा की मिनिटाला एक पाउंड हवा म्हणजे १० हॉर्सपॉवर. ६०० ला ६० पाउंड, म्हणजे मिनिटाला २७ किलो हवा. सत्तावीसशे ग्रॅमची नाही बरं का, सत्तावीस किलोची गोष्ट चाललीय, तीसुद्धा दर मिनिटाला. ही हवा २ लिटरच्या इंजिनातून जाऊ दे नाहीतर ५ लिटरच्या, आकडा तोच राहतो. म्हणून घोडे किती हे टर्बो आणि इंधन ठरवतं, सीसी ठरवतात की ते घोडे *कुठल्या आरपीएमला* मिळणार आणि त्यासाठी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) किती लागणार. हे डोक्यात बसलं की तिन्ही मित्रांचं भांडण अर्धं मिटतं.

कागद घे. ४जी६३ चा बोअर ८५, स्ट्रोक ८८, झाले १९९७ सीसी. त्यात १०० चा क्रँक टाकलास की २२७० सीसी. इंटरकूलरमधून साधारण ४५ डिग्रीची हवा येतेय आणि सिलिंडर नीट भरतायत असं धरलं तर ७००० आरपीएमला ६०० घोड्यांसाठी २.० ला लागतो जवळपास २.५ बार बूस्ट आणि २.३ ला २.१ बार. इथपर्यंत २.३ जिंकला असं वाटतं ना? थांब. आता पिस्टनचा वेग काढ. ८८ चा स्ट्रोक ८००० वर फिरवलास तर सरासरी वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर. १०० चा स्ट्रोक तोच वेग ७०४० वरच गाठतो. आणि २.० ला ८००० वर बूस्ट किती लागतो? तोच, २.१ बार! योगायोग नाहीये हा. बोअर तोच आहे, म्हणजे पिस्टनचं तोंड तेवढंच, आणि पिस्टन तेवढ्याच वेगाने खाली येतोय, तर हवा तेवढीच ओढणार ना, दुसरं काय होणार. म्हणजे स्ट्रोकर (लांब स्ट्रोकचं इंजिन) करून तुला एकही घोडा जास्त मिळत नाही, तेच घोडे ८००० ऐवजी ७००० ला मिळतात. अख्खी पॉवर हजारभर आरपीएमने खाली सरकते. एवढंच. आणि रस्त्यावरच्या गाडीला नेमकं तेवढंच हवं असतं, म्हणून मी स्ट्रोकरच्या बाजूने आहे, फक्त कारण वेगळं आहे, दुसऱ्या मित्राला वाटतं तसं "सीसी जास्त म्हणून पॉवर जास्त" हे नाही.

खाली सरकण्याचा अर्थ काय ते बघ. जो टर्बो २.० वर ४२०० ला पूर्ण भरतो तोच २.३ वर कागदावर ३७०० च्या आसपास भरेल, कारण तेवढा एक्झॉस्ट गॅस तेवढ्या आरपीएमला तयार होतो. आता तुझं रोजचं ड्रायव्हिंग आठव. तिसऱ्या गिअरला ३००० वर चाललायस, पुढे एक ट्रक, ओव्हरटेक करायचाय. ४२०० वाल्या गाडीत तू पाय दाबतोस, काहीच होत नाही, अजून दाबतोस, ट्रकच्या बरोबरीला येतोस आणि मग एकदम लाथ बसते, बऱ्याचदा नको त्या क्षणी. ३७०० वाल्यात ती लाथ ट्रकच्या मागे असतानाच येते आणि तुला तिचं काय करायचं ते ठरवायला वेळ मिळतो. डायनोच्या (पॉवर मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ५०० आरपीएम म्हणजे नखाएवढी जागा, पण रोज गाडी चालवणाऱ्याला विचार.

९००० वाल्या मित्राला माझा नमस्कार सांग. २.० वर ९००० फिरवता येतं, लोक फिरवतात, पण कनेक्टिंग रॉडवरचा ओढा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७००० वरून ८००० वर गेलास तर आरपीएम वाढला १४ टक्के आणि ओढा वाढला ३१ टक्के. व्हॉल्व्ह स्प्रिंग वेगळे, कॅम वेगळे, आणि मोठे कॅम म्हटले की खाली इंजिन अजून मेलेलं. शिवाय ७००० ते ९००० हा पट्टा रस्त्यावर तू दिवसातून किती वेळ वापरणार? ट्रॅकवर वर्षातून दोनदा जाणाऱ्याने वर्षाचे बाकीचे दिवस का म्हणून भोगायचं?

आता २.३ च्या खोड्या, कारण ज्यांच्याकडे आहे ते सांगत नाहीत. १५० चाच रॉड ठेवून स्ट्रोक १२ मिमीने वाढला की पिस्टनमधली पिन ६ मिमी वर सरकवावी लागते, नाहीतर पिस्टन ब्लॉकच्या बाहेर येईल. रॉडचा कोन वाढतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला जास्त रेटतो, स्कर्ट लवकर घासतो. आणि थरथर वाढते. चार सिलिंडरचं इंजिन मुळात थरथरतंच, म्हणून कंपनीने त्यात बॅलन्स शाफ्ट दिलेत, आणि बरेचजण हे शाफ्ट काढून टाकतात कारण त्यांचा छोटा बेल्ट तुटला की तो टायमिंग बेल्टमध्ये अडकतो आणि मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गळाभेट. मीही काढच म्हणेन. पण मग आयडलला आरसा थरथरेल, स्टिअरिंगला मुंग्या येतील, घरचे विचारतील गाडी बिघडलीय का. तयारी ठेव.

२.४ म्हणजे ४जी६४ चा ब्लॉक, ८६.५ बोअर, १०० स्ट्रोक, २३५१ सीसी. हा ब्लॉक ६ मिमी उंच आहे त्यामुळे पिन जागच्या जागी राहते, तो त्याचा मोठा गुण. पण हेड ६ मिमी वर गेलं की टायमिंग बेल्ट वेगळा, मॅनिफोल्डबरोबर टर्बो वर, डाउनपाइप वर, सगळे ब्रॅकेट वर. ब्लॉक फुटलेला असता तर मी डोळे झाकून २.४ सांगितलं असतं. तुझा ब्लॉक शाबूत आहे, फक्त एक भिंत ओरखडलीय, त्यासाठी हा खटाटोप नको. (चौथा एखादा मित्र येऊन व्ही८ टाक म्हणेल तर तोही चूक नाही. ५.३ लिटरच्या एलएसला ६०० साठी ६००० आरपीएमवर पाऊण बार बूस्ट पुरतो, झोपेत चालेल. पण मग ती इव्हो राहिली का?)

तर माझं मत, २.३, तुझ्याच ब्लॉकमध्ये, ७००० ला लिमिटर, आणि ७००० म्हणजे ७०००, "कधीतरी ७८००" नाही.

पण एक अट आहे आणि ती गिअरबॉक्सची आहे. ६०० घोडे ८००० ला म्हणजे ५३५ न्यूटन-मीटर, तेच ७००० ला म्हणजे ६१०, आणि मधल्या रेंजमध्ये पूर्ण बूस्ट सोडलास तर ७०० च्या आसपास जाईल. गिअरचे दात टॉर्क तोडतो, हॉर्सपॉवर नाही. रॉडसुद्धा कमी आरपीएमच्या टॉर्कनेच वाकतात. तुझी पाच गिअरची आहे की सहाची ते लिहिलं नाहीस. सहावाली जास्त नाजूक आहे, ती असेल तर हिशोबात आधी गिअरबॉक्स धर आणि मग क्रँक. दोन्ही केसमध्ये ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) बूस्ट आरपीएमप्रमाणे आणि गिअरप्रमाणे बांधून घे, ४५०० च्या खाली पूर्ण बूस्ट देऊच नको, पहिल्या-दुसऱ्या गिअरला तर नाहीच.

इंधनाचं तू काहीच बोलला नाहीस आणि खरं तर सगळ्या बेताचा मालक तोच आहे. २.१ बार बूस्ट साध्या पंपाच्या पेट्रोलवर चालवायचा विचार असेल तर आत्ताच सोड, नॉक होईल, आणि तिसऱ्याबरोबर बाकीचे तीन पिस्टनही स्टँडवर येतील. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) कायम मिळत असेल तर ६००. मिळत नसेल तर ४२५-४५० वर समाधान मान, आणि तेव्हा हाच २.३ अजून शहाणा ठरतो कारण त्याच आरपीएमला कमी बूस्टवर काम भागतं. कधी मिळतं कधी नाही अशी स्थिती असेल तर फ्लेक्स सेन्सर बसव, टाकीत काय आहे ते बघून ईसीयू स्वतः बूस्ट आणि टायमिंग कमीजास्त करेल.

ई८५ वर चार इंजेक्टर प्रत्येकी १५०० सीसीच्या आसपासचे लागतील, पेट्रोलवर ११०० पुरले असते. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बघून भुलू नकोस, तो कमी प्रेशरचा असतो. तुझं बेस प्रेशर ३ बार, त्यावर बूस्ट २ बार, म्हणजे पंप ५ बारविरुद्ध ढकलणार, तिथे त्याचा फ्लो बराच पडतो. ५ बारला तासाला २८० लिटर तर लागणारच, वर थोडी शिल्लक, असा आकडा फ्लो चार्टवर शोध. आणि पंपाला जाड वायर, वेगळा रिले. जुन्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, पंप मंदावतो, मिश्रण लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त), आणि आपण दोष ट्यूनरला देतो.

टर्बोबद्दल भांडणार आहे. जी३५-१०५० मधला १०५० हा त्याच्या घोड्यांच्या क्षमतेचा आकडा आहे. तुला ६०० हवेत. "पुढेमागे लागला तर" म्हणून चार साइज मोठे बूट घेऊन कोणी रोज चालत नाही. २.३ करून मिळवलेले ५०० आरपीएम तू एका टर्बोत घालवणार, वर व्याजासकट. जी३०-६६० घे, फार तर ७७०, आणि त्याच्यापुढे विचार नको. टर्बाइन हाउसिंग ट्विन स्क्रोल (एक्झॉस्टला दोन वेगळे मार्ग असलेलं) घे, इव्होला कंपनीकडूनच ट्विन स्क्रोल येतो, सिलिंडर १-४ एका बाजूला आणि २-३ दुसऱ्या, ती देणगी साध्या मॅनिफोल्डवर वाया घालवू नकोस. वेस्टगेटमध्ये (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेत) मात्र चिंगूसपणा नको, छोटा पडला तर बूस्ट आपोआप चढत राहतो आणि तुझ्या गिअरप्रमाणे बूस्ट बांधण्याला काही अर्थ राहत नाही.

बोअर ८७? कशासाठी? २.३ वर ८५ चा ८५.५ केलास तर मिळतात जेमतेम २७ सीसी. भिंत मात्र कायमची पातळ, आणि पुढच्या वेळेला बोअर करायला जागा कमी. ओरखडा निघेल एवढंच बोअर कर, ८५.५ ला निघाला तर तिथेच थांब. होनिंग (भिंतीची शेवटची बारीक घासाई) करताना टॉर्क प्लेट लावायला सांग, हेड आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडा होतो, तो वाकडा असतानाच गोल करून घ्यायचा. मशीन शॉपवाला "कशाला लागतं ते" म्हणाला तर दुसरा मशीन शॉपवाला बघ. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायचा, आधी नाही.

पिस्टन २६१८ अलॉयचे घे. ४०३२ शांत असतात, क्लिअरन्स कमी लागतो, पण नॉक झालं तर तडकतात. २६१८ मार सहन करतो. त्याला क्लिअरन्स जास्त लागतो म्हणून सकाळी थंड इंजिनला टकटक येईल, गरम झाल्यावर जाईल, घाबरून पुन्हा खोलू नकोस. कॉम्प्रेशन ९ च्या आसपास ठेव, अजून खाली नेलंस तर बूस्ट येईपर्यंत गाडी बैलगाडी होते. रॉड ४३४० स्टीलचे चांगल्या कंपनीचे एच-बीम, बोल्ट एआरपी २०००, ६०० ला पुरेसे. हेड स्टडलाही तेच, एल१९ नको. एल१९ ताकदीला भारी पण ओलावा सोसत नाही, गंज लागला की न सांगता तुटतो, रोजच्या गाडीत ती डोकेदुखी कशाला.

रिंग गॅपवर मात्र बस. मी पहिलं टर्बो इंजिन बांधलं तेव्हा सगळं महागाचं आणलं आणि गॅप ठेवला मॅन्युअलमधला, मूळ गाडीचा. आठवडाभर गाडी सुंदर चालली. मग एका लांब चढावर चौथ्या गिअरला पूर्ण बूस्ट, आरशात निळा धूर, आणि खोलल्यावर तुझ्यासारखीच लँड. चूक शंभर टक्के माझी होती, खोक्यातल्या कागदावर योग्य आकडा लिहिलेला होता आणि मी तो कागद वाचलाच नव्हता. रस्त्यावरच्या टर्बोला वरच्या रिंगचा गॅप साधारण बोअरच्या ०.००५ पट धरतात, ८५.५ ला म्हणजे ०.४३ मिमी. पिस्टन बनवणाऱ्याने जास्त सांगितला असेल तर त्याचं ऐक. रिंग सिलिंडरमध्ये टाक, उलटा पिस्टन वापरून सरळ खाली ढकल, फीलर गेज घाल, बाहेर काढ, फाइल दोन फेऱ्या, टोकाची बुर काढ, परत आत. प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये मोजायची आणि बॉक्सवर नंबर टाकायचा. अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ दे. गॅप थोडा जास्त झाला तर थोडं ब्लो-बाय (रिंगमधून खाली गळणारा गॅस) वाढेल, त्यातलं तेल अडवायला कॅच कॅन लाव, विषय संपला. कमी झाला तर काय होतं ते तुझ्या स्टँडवर आहे.

बाकी भरभर: स्टँडअलोन ईसीयू, वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर), ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशरचे सेन्सर, आणि यातलं काहीही पडलं की इंजिन कट, हे "नंतर बघू" मध्ये टाकायचं नाही, टर्बोच्याही आधी घ्यायचं. रेडिएटर आणि फॅन मोठा, कारण ट्रॅकवर समोरून वारा मिळतो, ट्रॅफिकमध्ये मिळत नाही. ब्रेक आणि टायर तुला मी सांगायची गरज नसावी. तुझ्याकडचे मॉडिफिकेशनचे नियम आणि इन्शुरन्स मात्र पार्ट मागवायच्या आधी वाच, नंतर नाही.

आणि क्लच. ७०० न्यूटन-मीटर पकडणारा क्लच म्हणजे जड प्रेशर प्लेट, आणि तू पेडल दाबून धरलंस की तो सगळा रेटा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. सिग्नलला गाडी न्यूट्रल करून पाय काढायची सवय आजपासून लाव. जोडताना क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजने मोजून वहीत लिहून ठेव, वर्षभराने परत मोजता येईल.

इंजिन सुरू झालं की पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांनंतर ऑइल आणि फिल्टर बदल, आणि तो फिल्टर कापून उघड. कागदाच्या घड्या पिळून काढ, पांढऱ्या कापडावर पसर आणि उन्हात बघ. थोडी करडी पूड येणारच, नवीन रिंग बसतायत. पण चकाकणाऱ्या कपच्या दिसल्या तर गाडी तिथेच थांबव, चुंबक फिरव, कपच्या चिकटल्या की नाही आणि रंग पिवळसर होता की चंदेरी एवढं मला लिहून पाठव, पुढचं मग सांगतो.